सॉफ्टबॉल: मोनिका अ‍ॅबट कॉलेजात १८९ मॅच जिंकली, मग तिला जपानला का जावं लागलं?

विंडमिल_डावखुरी

नमस्कार. इथं क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाचं विचारलेलं चालते का माहीत नाही, पण दुसरीकडे विचारलं की लोक आधी सॉफ्टबॉल म्हणजे काय ते समजावून सांगायला लावतात नि मग गायब होतात, म्हणून इथंच टाकते.

मी अमरावतीची, बी.पी.एड. करते आहे, शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते, पिचर आहे. आमचे सर मला सारखे मोनिका अ‍ॅबटचे व्हिडिओ दाखवतात कारण मी पण डावखुरी. उंची तिची सहा फूट तीन इंच नि माझी पाच फूट एक, ते जाऊ द्या. तर तिचं बघता बघता मी तिचे कॉलेजचे आकडे काढले, टेनेसी युनिव्हर्सिटी, २००४ ते २००७, चार वर्षात १८९ विजय नि फक्त ३४ हार, २४४० स्ट्राइकआउट (म्हणजे बॅटर बॉल न मारताच आउट), ११२ शटआउट. म्हणजे ११२ मॅच अशा की समोरच्या टीमला एक रन नाही!! हे सगळे एनसीएएचे, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटनेचे, रेकॉर्ड आहेत. आणि एवढं करून कॉलेजची वर्ल्ड सीरिज एकदाही नाही जिंकली?? हे कसं काय?

दुसरं म्हणजे कॉलेज संपल्यावर ती जपानमध्ये टोयोटाकडून खेळली, कित्येक वर्षं. अमेरिकेत एवढं मोठं कॉलेज सॉफ्टबॉल असताना पुढे तिथंच लीग का नाही? मधेच कुठंतरी दहा लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट पण मिळालं असं वाचलं, मग जपान कशाला.

नि तिसरं माझ्या स्वार्थाचं. तिकडे एकच पिचर आख्खी टूर्नामेंट टाकते असं दिसते. आमच्याकडे पण तेच, सकाळी एक मॅच दुपारी एक, दोन्ही मीच, कारण दुसरी पिचर नाहीच. सर म्हणतात अंडरआर्म आहे, हाताला काही होत नाही. खरं आहे का? कोणाला माहीत असेल तर सांगा न.

नॉक्सव्हिलकर

अरे वा, या फोरमवर अ‍ॅबटचं नाव वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी त्याच काळात इथे नॉक्सव्हिलला, म्हणजे टेनेसी युनिव्हर्सिटीच्या गावात, मास्टर्स करत होतो त्यामुळे यावर बोलायचा मला पूर्ण हक्क आहे, कितीही लांबलं तरी.

आधी वातावरण समजून घे. टेनेसीत तेव्हा बायकांचा खेळ म्हणजे बास्केटबॉल आणि बास्केटबॉल म्हणजे कोच पॅट समिट. २००७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या टीमने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, कँडेस पार्कर वगैरे, गावभर नारंगी झेंडे. सॉफ्टबॉलकडे त्या मानाने कोण बघणार. कोच होते राल्फ आणि कॅरन वीकली, नवरा-बायको दोघं मिळून टीम चालवायचे, आणि या प्रोग्रामला फार जुनी परंपरा वगैरे नव्हती. कॅलिफोर्नियातल्या सलिनासची ही उंच मुलगी खरं तर तिकडच्याच एखाद्या बड्या कॉलेजात जायची. सॉफ्टबॉल म्हणजे तेव्हा यूसीएलए आणि अ‍ॅरिझोना, पश्चिमेकडची मक्तेदारी. ती आली टेनेसीला, आणि चार वर्षात इथल्या लोकांना राईज बॉल म्हणजे काय ते कळलं. आमच्या लॅबमधला एक जण फक्त ती टाकणार असेल तेव्हाच मॅचला यायचा, तिचा दिवस नसेल तर नाही.

आता २००७ चा सीझन. ५० विजय, ५ हार, ७२४ स्ट्राइकआउट, एका सीझनमध्ये! त्या वर्षीचा यूएसए सॉफ्टबॉलचा बेस्ट कॉलेज प्लेयरचा पुरस्कार तिलाच. ओक्लाहोमा सिटीला वर्ल्ड सीरिज, फायनल अ‍ॅरिझोनाशी, तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली मॅच टेनेसी ३-० ने जिंकली. म्हणजे आता एकच पाहिजे आणि पिचिंगला अ‍ॅबट. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

दुसरी मॅच. नेहमीच्या सात इनिंग झाल्या, ०-०. आठ, नऊ, ०-०. आमच्या पोरी बेसवर जातात आणि तिथेच राहतात, परत पोरी बेसवर जातात आणि परत तिथेच राहतात, घरी कोणी येतच नाही. दहाव्या इनिंगमध्ये अ‍ॅरिझोनाने एक रन काढला, संपलं, १-०. तिसरी मॅच ५-० अ‍ॅरिझोना. झालं.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पिचर रन देणार नाही एवढंच करू शकते, काढायचे कोणीतरी दुसऱ्याने असतात. शेवटच्या दोन मॅच मिळून सतरा इनिंग आणि टेनेसीचा एकही रन नाही. यात अ‍ॅबटने काय करायचं? आणि समोर जी पिचर होती तिचं नाव टेरीन मोवाट, उंचीला साधारण, स्पीड अ‍ॅबटच्या जवळपास पण नाही, पण त्या वर्ल्ड सीरिजमध्ये अ‍ॅरिझोनाच्या आठच्या आठ मॅच तिने एकटीने टाकल्या, ६० इनिंग, हजाराच्या वर पिच, म्हणजे टाकलेले बॉल. त्या वर्षी ईएसपीएनच्या एस्पी अवॉर्डमध्ये बेस्ट फीमेल अ‍ॅथलीट मोवाटच झाली, सगळ्या खेळांतून. वर्ल्ड सीरिजच्या आधी तिला अ‍ॅरिझोनाबाहेर कोणी ओळखत नव्हतं.

माझ्या मते अ‍ॅबटचा खरा रेकॉर्ड १८९ वाला आहे. वर्षातून पन्नास-साठ मॅच, विमानं, बस, परीक्षा, आणि चार वर्षं एकदाही मोठी दुखापत न होता. ते जास्त अवघड आहे.

टेनिसबॉल_किंग

काय राव, ४३ फुटावरून अंडरआर्म टाकायचं आणि बॅट्समनला बाउन्स पण नाही, सगळे फुलटॉस. २४४० काय ५००० पण होतील. आमच्या गल्लीत अंडरआर्मला अर्धी पिच देतात आणि तरी छक्के जातात 😄

नॉक्सव्हिलकर

@टेनिसबॉल_किंग गणित कर जरा. अ‍ॅबटचा गिनेस रेकॉर्ड ७७ मैल ताशी, १६ जून २०१२ चा, म्हणजे साधारण १२४ किमी. ४३ फूट या वेगाने म्हणजे ०.३८ सेकंद, आणि पिचर पाऊल टाकून पुढे येऊन सोडते ते धरलं तर अजून कमी. बेसबॉलमध्ये १०० मैलाचा बॉल साडेसाठ फुटावरून येतो, ०.४१ सेकंद. क्रिकेटमध्ये दीडशेचा बॉल क्रीझ ते क्रीझ ५८ फूट, टप्पा पडून मंदावतो ते सोडून दिलं तरी ०.४२. आता बोल.

आणि फुलटॉस सरळ येतो हे कोणी सांगितलं? राईज बॉल बॅटच्या वरून जातो, ड्रॉप शेवटच्या क्षणी खाली बसतो. २००४ ला जेनी फिंचने, ही पण कॉलेजची पिचर, अ‍ॅरिझोनाची, सलग ६० मॅच जिंकलेली, एका प्रदर्शनी मॅचमध्ये अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझाला स्ट्राइकआउट केलं होतं. बेसबॉलच्या मेजर लीगचे बॅटर आहेत ते. तुझ्या गल्लीतले नाहीत.

टेनिसबॉल_किंग

बरं बरं, मानलं. आकडे फेकून मारू नका.

आयचीत_मुक्काम

जपानचा भाग मी घेतो. मी आयची प्रांतात नोकरीला आहे, टोयोटात नाही पण टोयोटाच्या आसपास, इथे सगळेच टोयोटाच्या आसपास असतात. ऑफिसमधल्या एका जपानी काकांनी जबरदस्तीने सॉफ्टबॉलला नेलं आणि आता मीच त्यांना नेतो.

इथली पद्धत अशी की टीम कंपनीची असते. टोयोटा रेड टेरियर्स, डेन्सो, होंडा, हिताची, बिक कॅमेरा हे इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे त्यांची पण टीम आहे. जपानी मुली बहुतेक कंपनीच्या एम्प्लॉयी, पगार, घर, मेडिकल सगळं कंपनीचं, खेळणं संपलं तरी बऱ्याच जणी तिथेच नोकरीत राहतात. आपल्याकडे पूर्वी रेल्वे, बँका, पोलीस यांच्या टीम असायच्या आणि अजून आहेत, तसंच काहीसं धर. अ‍ॅबटसारख्या परदेशी खेळाडू कॉन्ट्रॅक्टवर येतात. कंपनीला तिकीट विकून पैसे कमवायचेच नसतात, टीम म्हणजे कंपनीची इज्जत, स्टँडमध्ये कामगार एकसारखे टॉवेल घेऊन बसतात, बँड असतो, पोरींच्या नावाची गाणी असतात. म्हणून अमेरिकन लीग बुडाल्या आणि ही चालली.

अ‍ॅबट २००९ पासून टोयोटाकडे. सोय अशी की इथला सीझन दोन तुकड्यात असतो, वसंतात एक आणि शरद ऋतूत दुसरा, मधे उन्हाळ्यात सुट्टी. त्या सुट्टीत ती अमेरिकेत जाऊन तिथली लीग खेळायची आणि परत यायची. म्हणजे "अमेरिका सोडून जपान" असं नाही, दोन्ही करायची, पण पोट भरायचं ते इथे. टोयोटाला तिने बऱ्याचदा लीग जिंकून दिली. इथे तिला कॉलेजच्या गावात ओळखत असतील तेवढे लोक तरी ओळखतातच. २०२२ पासून लीगचं नाव जेडी लीग झालंय, सोळा टीम, पूर्व आणि पश्चिम गट.

आणि जपानचं नाव निघालं की उएनो. युकिको उएनो, इथली पिचर. बीजिंग २००८, २० ऑगस्टला एकाच दिवशी दोन मॅच, आधी अमेरिकेशी नऊ इनिंग, हरली, मग ऑस्ट्रेलियाशी बारा इनिंग, जिंकली, दुसऱ्या दिवशी फायनल परत अमेरिकेशी, ३-१ जिंकून गोल्ड. दोन दिवसात ४१३ पिच. अमेरिका त्याआधी ऑलिंपिकमध्ये सलग २२ मॅच जिंकली होती. त्या अमेरिकन टीममध्ये अ‍ॅबट होती, त्याच ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सविरुद्ध तिने परफेक्ट गेम (समोरची एकही बॅटर बेसवर पोचली नाही) टाकला होता, ऑलिंपिकमधला पहिला, आणि हातात सिल्व्हर. नंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून बाहेर. लंडन नाही, रिओ नाही. तेरा वर्षांनी टोक्योला परत आलं, २७ जुलै २०२१, योकोहामा, रिकामं स्टेडियम, फायनल परत जपान-अमेरिका, पिचिंगला परत उएनो, वय ३९, जपान २-०. अ‍ॅबटला परत सिल्व्हर.

आमचे काका त्या दिवशी म्हणाले की मोनिकासान आमच्याच लीगमध्ये एवढी वर्षं टाकत होती त्यामुळे आमच्या बॅटर तयार झाल्या. अर्धं चिडवणं, पण अर्धं खरं असावं.

बर्न्ट_ऑरेंज_भाऊ

ऑस्टिनहून. नॉक्सव्हिलवाल्यांचं ऐकून घेतलं, आता टेक्सस युनिव्हर्सिटीचं ऐका. अ‍ॅबटचे आकडे मोठे आहेत कारण ती जास्त इनिंग टाकायची. प्रत्येक सात इनिंगमागे बघितलं तर आमची पिचर कॅट ऑस्टरमन पुढे, चौदापेक्षा जास्त स्ट्राइकआउट सात इनिंगमागे. सात इनिंगमध्ये एकूण आउट २१ असतात, त्यातले चौदा एकटीचे, बाकीच्या आठ जणींनी च्युइंगगम खावं. कॉलेज करिअरचा ईआरए (सात इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी) ०.५१, वीस नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट नाही), त्यातले सात परफेक्ट. कॉलेज प्लेयर ऑफ द इयर तीनदा, २००३, ०५, ०६. मधलं २००४ का नाही तर त्या वर्षी ती अथेन्स ऑलिंपिक खेळत होती आणि गोल्ड घेऊन आली. अ‍ॅबटकडे गोल्ड नाही, बोलायचं नव्हतं पण बोलतो.

टायटल मात्र आमच्या कॅटलाही नाही मिळालं, फायनलपर्यंतसुद्धा नाही पोचली टेक्सस तिच्या काळात.

विंडमिल ताई, तुझा खरा प्रश्न पैशाचा आहे ना? तर ऐक. अमेरिकेत कॉलेजच्या मॅच टीव्हीवर दिसतात, ओक्लाहोमा सिटीचं स्टेडियम भरतं, आणि त्या काळात खेळाडूला स्कॉलरशिप सोडून एक डॉलर घ्यायला बंदी. कॉलेज संपलं की पैसे घ्यायला परवानगी, पण बघायला कोणी नाही. प्रो लीग होती, नॅशनल प्रो फास्टपिच, अ‍ॅबट २००७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर, पण पगार म्हणजे उन्हाळ्याचे काही हजार. लोक शाळेत शिकवून, कोचिंग करून खेळायचे. टीमा यायच्या आणि दोन वर्षांनी बंद पडायच्या.

ते दहा लाखांचं कॉन्ट्रॅक्ट खरं आहे. २०१६, स्क्रॅप यार्ड डॉग्ज म्हणून ह्यूस्टनजवळची टीम, सहा वर्षांसाठी. पण लीगचा नियम असा की पूर्ण टीमच्या पगाराला मर्यादा, दीड लाख डॉलर, आख्ख्या टीमला! मग दहा लाख देणार कसे? तर वर्षाचा मूळ पगार २० हजार आणि बाकी सगळं प्रेक्षक किती येतात त्यावर बोनस. हेडलाइन दहा लाखाची, पायाखाली वीस हजार. तरी मी म्हणेन की मालकांनी निदान आकडा उच्चारला, कारण तोपर्यंत कोणी उच्चारलाच नव्हता. पुढे ती टीम लीगमधून बाहेर पडली, २०२० ला टीमच्या अकाउंटवरून झालेल्या एका राजकीय ट्वीटवरून सगळ्या खेळाडूंनीच टीम सोडली, आणि २०२१ मध्ये लीगसुद्धा गुंडाळली. म्हणून जपान.

नॉक्सव्हिलकर

गोल्डचा टोमणा लक्षात ठेवला आहे. १८९ विजय विरुद्ध कॅटचे १३६, एवढंच म्हणतो.

बर्न्ट_ऑरेंज_भाऊ

१३६ आणि २५ हार, बरोबर. फक्त आम्ही चार सीझनमध्ये इतक्या मॅच तुमच्यासारखं एकाच पोरीला जुंपून नाही घेतल्या.

बरं आता पुढचा भाग कारण गोष्ट २००७ ला थांबत नाही. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी दिली, एनआयएल म्हणतात त्याला. म्हणजे बघा, अ‍ॅबट आणि ऑस्टरमन टोक्योत शेवटची ऑलिंपिक खेळत होत्या त्याच महिन्यात, ऑस्टरमन ३८ वर्षांची, मधे रिटायर होऊन परत आलेली. आणि तीन वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, निजारी कॅनडी. कॅन्ससमधल्या टोपेकाची, स्टॅनफर्डला दोन वर्षं होती, २०२४ ची कॉलेज प्लेयर ऑफ द इयर. तिने स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला जायचं ठरवलं आणि डील झालं १०,५०,०२४ डॉलरचं. शेवटचे २४ कशाचे? तिचा जर्सी नंबर २४ 😂 एका वर्षासाठी! बोनस वगैरे काही नाही. अ‍ॅबटला जगातली सगळ्यात वेगवान पिचर होऊन सहा वर्षांत जे कागदावर मिळालं ते हिला कॉलेजात असताना एका वर्षात.

आणि तिने पैसे वसूल करून दिले. टेक्सस टेक याआधी कधी वर्ल्ड सीरिजला गेलीच नव्हती, २०२५ ला गेली, सेमीफायनलला ओक्लाहोमाला घरी पाठवलं, त्या ओक्लाहोमाने सलग चार वर्षं टायटल जिंकलं होतं. फायनल आमच्याशी, म्हणजे टेक्ससशी. आता हे बघ, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वर्ल्ड सीरिजमध्ये फायनलच्या तिसऱ्या मॅचपर्यंत टेककडून प्रत्येक इनिंग कॅनडीने टाकली, दुसरं कोणी नाही. पहिली मॅच, टेक १-० ने पुढे, बॅटिंगला रीस अ‍ॅटवुड, कॅनडीला तिला मुद्दाम वॉक द्यायचा होता, चार बॉल लांब टाकायचे आणि बेस देऊन टाकायचा. त्यातला एक बॉल जेवढा लांब जायला पाहिजे तेवढा गेला नाही, अ‍ॅटवुडने हात लांब करून मारला, दोन रन, २-१, मॅच गेली. दुसरी मॅच टेकने ४-३ काढली, परत कॅनडीच. तिसऱ्या मॅचला पहिल्याच इनिंगमध्ये पाच रन खाल्ले आणि तिला बसवावं लागलं. आम्ही १०-४ जिंकलो, टेक्ससचं पहिलं सॉफ्टबॉल टायटल. मी नाचलो, नाकारत नाही. पण त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता. चेंजअपला, म्हणजे फसवून हळू टाकायच्या बॉलला, दम नव्हता राहिला.

मोवाटला २००७ ला जमलं ते कॅनडीला नाही जमलं असं म्हणता येईल, पण मधल्या अठरा वर्षांत बॅटर कुठच्या कुठे गेल्यात. बॅट चांगल्या आल्या, व्हिडिओ आहे, एकाच पिचरला तिसऱ्यांदा बघितलं की तिचं सगळं वाचून येतात. टेक्ससने उलट टेगन कवान आणि बाकीच्या जणी मिळून काढली टूर्नामेंट.

खांदा_पाठ_गुडघा

फिजिओ आहे, पुण्यात. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, शालेय स्पर्धांच्या दिवसांत जास्त.

"अंडरआर्म आहे, काही होत नाही" हे अर्धंच खरं आहे. ओव्हरहँड टाकताना खांदा ज्या टोकाच्या कोनात मागे जातो तसा विंडमिलमध्ये (हात पूर्ण गोल फिरवून अंडरआर्म टाकायची पद्धत) जात नाही हे बरोबर. म्हणून बेसबॉलच्या पिचरचं जे कोपराचं ऑपरेशन इतकं ऐकू येतं ते इथे तेवढं दिसत नाही. पण हात पूर्ण गोल फिरून खाली येतो तेव्हा त्याचा वेग भयंकर असतो आणि कोपर आवरायचं काम बायसेप्सवर येतं, आणि बायसेप्सचा वरचा टेंडन खांद्याच्या पुढच्या बाजूला असतो. दुखतं ते तिथे. मुली म्हणतात "सर इथे आत दुखतं" आणि बोट बरोब्बर तिथे ठेवतात.

दुसरं, ताकद हातातून आली तर खांदा जातो, पायातून आली तर टिकतो. सहा फुटाच्या पिचरचं पाऊल आणि तुझं पाऊल यात फरक पडणारच, त्यामुळे तिची स्टाइल जशीच्या तशी उचलू नकोस, विशेषतः थकल्यावर. थकल्यावर पाय आधी आखडतात, मग हात जोर लावतो, मग बॉल वर राहायला लागतो. कॅनडीचं वर लिहिलंय तसंच.

अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलला पिचवर मर्यादा नाही, बेसबॉलला शाळेच्या पातळीवर बऱ्याच ठिकाणी असते. इथे नाही याचं कारण डॉक्टरी नाही, सवय आहे. एकदा एखादीने हजार पिच टाकून कप जिंकला की पुढची पंधरा वर्षं कोच तेच उदाहरण देतात. उरलेल्या ज्या तिशीच्या आत खांदा धरून बसल्या त्यांची नावं कोण घेणार.

तू एवढं कर: मॅचचेच नाही, वॉर्मअप आणि प्रॅक्टिसचे पण पिच मोज. वहीत लिही. दिवसाला दोन मॅच असतील तर दुसऱ्या दिवशी पिचिंग बंद, बॅटिंग कर, पळ, काहीही कर. खांद्याच्या पुढे दुखत असेल तर टेप लावून टाकायचं नाही, दाखवायचं. सरांना हे माझ्या नावाने सांग, शिव्या मला पडू देत.

आयचीत_मुक्काम

याला जोडून. उएनोच्या त्या ४१३ पिचचं इथे फार कौतुक आहे, शाळेच्या पोरांना सांगतात. पण टोक्योच्या फायनलमध्ये जपानने काय केलं? उएनो दमल्यावर मधे मिउ गोतोला आणलं, वीस वर्षांची पोरगी, तिने सहावी इनिंग काढली आणि शेवटी उएनो परत आली. नियमात बसतं, सुरुवातीची खेळाडू एकदा बाहेर जाऊन परत येऊ शकते. म्हणजे दोन दिवसात ४१३ वाल्या देशानेसुद्धा पुढच्या वेळी दोघींत वाटून घेतलं. तुझ्या सरांना हे सांगितलं तर फिजिओपेक्षा लवकर पटेल.

टेनिसबॉल_किंग

मग आता अमेरिकेत लीग आहे की नाही? का अजून जपानच?

बर्न्ट_ऑरेंज_भाऊ

आता आहे. २०२५ ला एयूएसएल (अ‍ॅथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीग) सुरू झाली, पहिल्या वर्षी चार टीम, किम एंग कमिशनर, या बाई आधी मायामी मार्लिन्सच्या जनरल मॅनेजर होत्या, आणि मेजर लीग बेसबॉलने स्वतः पैसे घातलेत. पहिलं टायटल टॅलन्स या टीमने घेतलं. टिकेल का? माझा अंदाज, यावेळी टिकेल, कारण कॉलेजात टीव्हीवर बघितलेल्या पोरींची नावं लोकांना पाठ आहेत आणि मागे पैसेवाला पार्टनर आहे. पण गंमत अशी की कॉलेजातल्या टॉपच्या पिचरला प्रो झाल्यावर उत्पन्न कमी होईल अशी वेळ आलीये. अ‍ॅबटच्या वेळी कॉलेजात शून्य होतं आणि बाहेर थोडं, आता उलटं झालं.

आणि २०२८ ला सॉफ्टबॉल परत ऑलिंपिकमध्ये, लॉस एंजेलिस. मॅच मात्र ओक्लाहोमा सिटीत, जिथे कॉलेजची वर्ल्ड सीरिज होते तिथेच. ऑलिंपिक एकीकडे आणि सॉफ्टबॉल दोन हजार किलोमीटर लांब 😄 पण स्टेडियम भरेल याची खात्री आहे.

नॉक्सव्हिलकर

@विंडमिल_डावखुरी, उंचीचं मनावर घेऊ नकोस. अ‍ॅबटला हरवणारी मोवाट उंच नव्हती, ती चेंजअप आणि डोकं वापरून जिंकली. तिचे व्हिडिओ बघ, तुला जास्त कामाचे आहेत. हे टेनेसीवाला सांगतोय म्हणजे बघ किती जिवावर आलं असेल.

विंडमिल_डावखुरी

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू, दोनदा वाचलं. मोवाटचं नावच माहीत नव्हतं, काल रात्री २००७ ची दुसरी मॅच शोधून जेवढी सापडली तेवढी बघितली, टेनेसीच्या पोरी खरंच बेसवर उभ्याच राहतात हो. नॉक्सव्हिलकर दादा, तुमचं दुःख समजलं.

पैशाचं वाचून हसू आलं. आमच्याकडे पुढे काय तर क्रीडा कोटा, पाच टक्के, त्यासाठी नॅशनलचं सर्टिफिकेट पाहिजे नि त्याची पडताळणी, मग तलाठी नाही तर पोलीस, किंवा पीटी टीचर. माझ्या सीनियर ताई सगळ्या याच रस्त्याने गेल्या, एक पीएसआय आहे. टोयोटा वगैरे नाही पण कंपनीची टीम असती तर मी उद्या गेले असते.

फिजिओ सर, दुखते पुढच्याच बाजूला. लिहिणार नव्हते पण तुम्ही बरोब्बर जागा सांगितली. दाखवते.

सरांना गोतोचं सांगितलं. उएनोचं ऐकून खूश झाले, गोतोचं ऐकून थोडा वेळ काही बोलले नाही, मग म्हणे दुसरी पिचर पाहिजे तर तूच तयार कर. ज्युनियर कॉलेजची एक पोरगी आहे, उजवी, ड्रॉप बरा पडतो, कंट्रोल अजिबात नाही, कॅचरला मारते. तिला पहिला कोणता बॉल शिकवू, चेंजअप की आधी नुसता सरळ फास्टबॉलच जागेवर टाकायला लावू? आयचीवाले दादा, तिकडे पोरींना काय शिकवतात पहिले?